टाकोचा मसाला घरी करताना: मिरची आधी, मीठ शेवटी

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या वाढदिवसाला घरी टाको, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत शेलमध्ये सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ, करायचेत, पंधरा मुलं, त्यातली निम्मी शाकाहारी. एकदा सुपरमार्केटमधलं तयार सीझनिंगचं पाकीट आणून करून पाहिलं, तर सारण खारट झालं. मग घरातलंच लाल तिखट, धणे-जिरे पूड आणि गरम मसाला एकत्र करून केलं, तर लेक म्हणाली, "आई, हा खिमा-पाव आहे." आता पाकीट कुठलं घ्यायचं, की मसाला घरीच करायचा, आणि घालायचा किती, असं त्या विचारतात.

ताई, लेकीची जीभ पक्की आहे. तिचं म्हणणं ऐका, कारण मलाही हेच ऐकून घ्यावं लागलं होतं. मी १९ वर्षं पंचवटीत मसाले करून देते. काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, जे गिऱ्हाईक सांगेल ते. काही वर्षांपूर्वी कॉलेज रोडवर कॅफे चालवणारा एक मुलगा आला आणि म्हणाला, "काकू, टाकोचा मसाला करून द्याल का?" मी तोवर टाको खाल्लासुद्धा नव्हता. त्याने फोनवर यादी दाखवली: मिरची, जिरे, लसूण, कांदा, ओरेगॅनो. मला ती यादी गरीब वाटली. हात सवयीने डब्यांकडे गेला आणि मी थोडी दालचिनी, चार लवंगा, चिमूटभर दगडफूल घालून मोकळी झाले. त्याने बोटावर घेऊन चाटलं, क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काकू, फार छान आहे. पण हा रविवारचा मटणाचा मसाला आहे."

तुमच्याकडेही तेच घडलं. लवंग, दालचिनी, वेलची यांचा वास इतका ओळखीचा आहे की चिमूटभर पडला तरी जीभ थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसते. म्हणून पहिली गोष्ट, गरम मसाला काढून टाका. धणेसुद्धा नाममात्र. टाकोचा मसाला म्हणजे मुळात मिरचीचा मसाला. जिरं तिचं धाकटं भावंड, बाकी सगळे पाहुणे.

आता मिरचीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळा घोळ इथेच आहे. इंटरनेटवरच्या अमेरिकी पाककृतीत "दोन मोठे चमचे चिली पावडर" असं लिहिलेलं असतं. आपण त्याचा अर्थ लाल तिखट असा घेतो आणि अर्धा किलो खिम्यात दोन चमचे तिखट ओततो. मग मुलं रडतात. त्यांची चिली पावडर म्हणजे आपलं तिखट नव्हे. विल्यम गेबहार्ट नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताने १८९० च्या दशकात टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावी सुकी मिरची दळून, तिच्यात जिरं, ओरेगॅनो वगैरे मिसळून ती विकायला सुरुवात केली. त्या पावडरीचं पुढे घराघरात चाललेलं रूप म्हणजे ही चिली पावडर. ती आधीच मिश्रण असते, आणि तिच्यातली मिरची सौम्य असते. पाकिटातल्या टाको मसाल्याची चवही याच टेक्ससच्या घराण्यातली. खुद्द मेक्सिकोत मांसाला चव येते ती भाजून, भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्यांनी, वरच्या साल्साने, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीने, आणि लिंबाने. तिथे जिरं आपल्यापेक्षाही कमी हाताने घालतात.

त्यांच्याकडे मिरची तिखटासाठी जितकी घालतात तितकीच फळ म्हणून घालतात, हे एकदा लक्षात आलं की निवड सोपी होते. तिथली आंचो मिरची म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो. तिला मनुकांसारखा गोडसर, किंचित चॉकलेटी वास असतो आणि तिखटपणा नावापुरता. ग्वाहीयो गुळगुळीत सालीची, तांबडी, आंबटगोड. चिपोतले म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर वाळवलेली. या तिन्ही नाशकात सहज मिळायच्या नाहीत, आणि ऑनलाइन मिळाल्या तरी एका वाढदिवसासाठी तेवढे पैसे घालू नका.

आपल्याकडची सगळ्यांत जवळची मिरची म्हणजे ब्याडगी, तीही डब्बी जातीची: आखूड, फुगीर, सुरकुतलेली. रविवार कारंजाच्या बाजूला मसाल्याच्या दुकानात मागितलीत तर मिळेल. घेताना एक मिरची मोडून पाहा. कडक्कन मोडून चुरा झाला तर ती जुनी, फार कोरडी. किंचित वाकून मग मोडली आणि आतून लालभडक दिसली तर घ्या. देठाजवळ पांढुरकी, मळकट झाली असेल तर ओल लागलेली आहे, सोडून द्या. ब्याडगी नसेल तर काश्मिरी म्हणून विकतात ती चालेल. रेशमपट्टीही चांगली, तिची साल जाड असते. संकेश्वरी थोडी घातली तर धार येते. गुंटूर, तेजा आणि लवंगी मात्र या कामाला नकोत. त्यांच्यात तिखट भरपूर आणि फळ कमी. तिखटासाठी चव सोडायची ही सवय आपल्या मिसळीला शोभते, टाकोला नाही. (मिसळवाल्यांनी रागवू नये, मीही रविवारी रांगेत उभी असते.)

देठ काढा, मिरची उभी चिरून बिया झटका आणि आतल्या पांढऱ्या शिराही ओढून काढा. खरा तिखटपणा बियांत नसतो, त्या शिरांत असतो. मुलांसाठी करताय, तर ही पाच मिनिटं वाचवू नका. मग मंद तव्यावर अर्धा मिनिट. मिरचीचा रंग अर्धी छटा गडद झाला आणि मनुकांसारखा वास सुटला की उतरवा. ठसका लागला म्हणजे ती जळली. जळलेली मिरची कडू होते आणि तो कडवटपणा साखरेने झाकत नाही.

आता प्रमाण. मी हल्ली जी बरणी भरते ती अशी: ६० ग्रॅम ब्याडगीची पूड, १० ग्रॅम संकेश्वरी (मुलांसाठी असेल तर वगळा आणि तेवढी ब्याडगीच वाढवा), २० ग्रॅम भाजून दळलेलं जिरं, १५ ग्रॅम कांद्याची पूड, १० ग्रॅम लसणाची पूड, १० ग्रॅम स्मोक्ड पाप्रिका (धुरावर वाळवलेल्या सौम्य मिरचीची पूड), ५ ग्रॅम ओरेगॅनो, ५ ग्रॅम धणे, ३ ग्रॅम काळी मिरी, चमचाभर साखर. मीठ नाही. हो, मीठ नाही. त्यावर येतेच.

जिरं साधंच घ्या, शहाजिरं नको. भाजताना एक छटा गडद, काळपट नाही. तुमच्या मसाल्यात जिरं बहुधा तिखटाच्या बरोबरीने पडलं असेल, आपल्याकडे धणे-जिरे पूड अशी जोडीनेच हातात येते ना! मिरचीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेलात की जिरं मिरचीला बोलू देत नाही.

कांद्याची पूड विकत आणाल तर पाकीट दाबून पाहा, आत गोळे झाले असतील तर नको. पण नाशकात राहून कांद्याची पूड विकत आणायची म्हणजे मला जरा जिवावर येतं. लासलगाव-पिंपळगावचा कांदा आपल्या दारात आणि एप्रिलचं कोरडं ऊन फुकट. काळ्या मसाल्यासाठी आपण कांदा चिरून वाळवतोच, त्यातलाच मूठभर बाजूला ठेवा. किलोभर कांद्याचे वाळून शंभर ग्रॅमच्या आसपास काप उरतात. आपल्या लाल कांद्याची पूड थोडी तपकिरी होते, कारखान्यातली पांढरी दिसते कारण तिथे पांढरा कांदा वापरतात. चवीला आपली काही कमी नाही. मात्र काप हाताने मोडले तर तुटले पाहिजेत. नुसते वाकत असतील तर अजून एक ऊन द्या.

ओरेगॅनोबद्दल एक गंमत सांगते. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठवून ठेवल्या असतील तर त्या वापरू नका. "ओरेगॅनो सीझनिंग" लिहिलेल्या बऱ्याच पुड्यांत मीठ, मिरचीचे तुकडे आणि आणखी काहीबाही असतं. शिवाय बाजारात मिळतो तो पुदिन्याच्या कुळातला युरोपी ओरेगॅनो. मेक्सिकन ओरेगॅनो वेगळ्याच कुळातलं झुडूप आहे, घाणेरीच्या नात्यातलं, आणि त्याचा वास जास्त उग्र. तो जवळ आणायचा तर युरोपी ओरेगॅनोत ओव्याचे आठ-दहा दाणे चुरडून टाका. ओव्यात थायमॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि मेक्सिकन ओरेगॅनोच्या वासातही तेच सापडतं. आठ-दहा दाणे म्हणजे आठ-दहाच. चमचाभर पडलं तर ताटात पोटदुखीचं औषध येईल. आणि गॅलरीत ओव्याच्या पानांचं झाड असेल, ज्याची आपण भजी करतो, तर त्याचं अर्धं पान बारीक चिरून साल्सात घाला. कॅरिबियन बेटांवर याच पानाला ओरेगॅनो म्हणतात आणि तसंच वापरतात.

स्मोक्ड पाप्रिका महाग वाटली तर सोडा. धुराची चव आपण आपल्या पद्धतीने देऊ शकतो: सारण तयार झालं की मधोमध वाटी ठेवायची, तिच्यात लाल निखारा, वर तेलाचे दोन थेंब आणि झाकण. दोन मिनिटं, जास्त नाही. इथे तूप टाळा, तुपाचा धूर पुन्हा आपल्या दाल-खिम्याकडे घेऊन जातो.

आता मीठ. मसाल्यात मीठ मिसळून बरणी भरली की तुमच्या हातातला लगाम गेला. मसाला वाढवायचा म्हटलं की मीठही वाढतं. तुमच्या पाकिटाचं नेमकं हेच झालं. अमेरिकेतलं ठरावीक पाकीट २८ ग्रॅमचं, म्हणजे एक औंसाचं असतं, आणि ते एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम खिम्यासाठी असतं. आपण अर्ध्या पाव किलो पनीरवर सबंध पाकीट उलटं करतो. वर खारं चीज आणि खारे शेल. मग काय होणार?

पाकीटच घ्यायचं असेल तर ते मागून वाचा. आपल्याकडे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जास्त असेल ते आधी. यादी मीठ, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिनने (स्टार्चपासून केलेली भरीची पूड) सुरू होत असेल तर तुम्ही मिरचीच्या भावात मीठ घेताय. मिरची पहिली आणि जिरं पहिल्या तीन-चारांत असेल तर खुशाल घ्या. ५५१ हा आकडा दिसला तर घाबरू नका, मसाल्याचे गोळे होऊ नयेत म्हणून ते घालतात. कॉर्न स्टार्च असेल तर तेही कामाचं आहे, सारण दाट होतं आणि शेल लगेच भिजून मोडत नाही. घरच्या मसाल्यात मी ते बरणीत न घालता कढईत घालते, अर्धा किलोला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून. पांढरं कॉर्नफ्लोअर हं, गिरणीतलं मक्याचं पीठ नव्हे.

मीठ बरणीत न घालण्याचं दुसरं कारण मी पैसे मोजून शिकले. त्या कॅफेसाठी एकदा दोन किलो मसाला मीठ घालून केला, ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलेली. मिठाने आणि कांदा-लसणाच्या पुडीने हवेतली ओल ओढून घेतली. आठ दिवसांनी डबा उघडला तर आत वीट. ती खलबत्त्यात फोडावी लागली आणि वासही गेलेला, तेव्हा सगळा फेकला. तुम्ही कोरड्या काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब, अंधारात ठेवा. उजेडात ब्याडगीचा रंग आधी उडतो, चव मागून जाते. तीन महिन्यांत संपेल एवढाच करा.

कढईतली कृती. अर्धा किलो चिकन किंवा मटण खिमा, तीन सपाट मोठे चमचे मसाला (साधारण २० ग्रॅम), एक सपाट छोटा चमचा मीठ. तेल तापलं की खिमा घालून मोठ्या आचेवर मोडत राहा. तो आधी पाणी सोडेल आणि खदखदेल. इथे कंटाळून मसाला टाकू नका. पाणी आटलं की आवाज बदलतो, खदखद थांबून चरचर सुरू होते आणि कडेला तेल दिसतं. तो आवाज म्हणजे तुमचं घड्याळ. आच कमी करा, मसाला आणि मीठ घाला, पंधरा-वीस सेकंद परता आणि लगेच पाऊण कप पाणी ओता. मिरचीचा रंग आणि जिऱ्याचा वास तेलात उतरतो, हे फोडणी देणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण लसणाची पूड तेलात अर्ध्या मिनिटावर थांबली की जळते, म्हणून घाई. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटं, मटण असेल तर शिजेपर्यंत जास्त पाणी घालून. शेवटी कॉर्नफ्लोअरचं पाणी. चमचा ओढला की कढईचा तळ क्षणभर दिसला पाहिजे.

या टप्प्यावर एक चोरटी युक्ती. चार काळ्या मनुका गरम पाण्यात भिजवून वाटा आणि त्या पाऊण कपात मिसळा. आंचो मिरचीतला तो फळाचा गोडवा ब्याडगीत नसतो, तो मनुकांनी येतो. कोरड्या मसाल्यात मनुका घालू नका, चिकटून बसतील.

शाकाहारी सारणाला नुसता मसाला बदलून भागत नाही, तेल वाढवावं लागतं. खिम्याला स्वतःची चरबी असते, सोयाला काहीच नसतं. १०० ग्रॅम सोया ग्रॅन्युल्स मीठ-लिंबू घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, दोनदा धुऊन घट्ट पिळा. मग तीन मोठे चमचे तेलात ताजा कांदा परता, मसाला टाका, त्यावर सोया. मला स्वतःला मात्र सोयापेक्षा राजमा आवडतो. तो तर मिरची-मक्यासारखा तिकडूनच आपल्याकडे आला. तो मऊ शिजवा, निम्मा चमच्याने ठेचा, निम्मा अख्खा ठेवा. राजमा शिजवतानाच मीठ घातलं असेल तर नंतर चाखल्याशिवाय घालू नका. पनीर सगळ्यांत कमी मसाला मागतं, पाव किलोला एक मोठा चमचा पुरे, कारण ते मसाला आत घेत नाही, अंगावर बाळगतं.

खारट झालंच तर पाणी ओतू नका, बिनमिठाचा उकडलेला बटाटा किंवा राजमा ठेचून घाला. तिखट झालं तर चक्क्यात लिंबू पिळून वरून चमचाभर द्या. तिखट पाण्याने जात नाही, दुधा-दह्याने जातं. लसूण जळला असेल तर त्याला उपाय नाही, नवी कढई चढवा.

वरच्या गोष्टींत कंजुषी नको. टोमॅटो गॅसवर भरतासारखा भाजून, साल काढून, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबिरीसह ओबडधोबड ठेचा. मुळ्याच्या पातळ चकत्या तिथेही टाकोबरोबर देतात, आपल्या मुलांना पटल्या तर ठेवा. आणि लिंबू. मेक्सिकोत टाकोवर पिळतात ते छोटं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. सुपरमार्केटमधलं मोठं पिवळं लेमन आणू नका, दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याचं बरोबर आहे.

तुमच्या पंधरा मुलांचा हिशेब: प्रत्येकी दोन धरून तीस शेल. अर्धा किलो कच्च्या खिम्यात दहा-बारा शेल भरतात. तेव्हा चिकन खिमा पाऊण किलो, सुका राजमा ३०० ग्रॅम, आणि मसाला दोन्हीकडे मिळून नऊ-दहा मोठे चमचे. शेल वाढायच्या आधी चार मिनिटं ओव्हनमध्ये किंवा मंद तव्यावर गरम करा, भरून ठेवू नका. दोन वेगळे चमचे, दोन वेगळ्या कढया, आणि शाकाहारी कढईजवळ तुमच्या सासूबाईंना किंवा कुणा मोठ्याला उभं करा. मुलं चमचे बदलतातच.

मसाला उरेल. तो लोण्यात कालवून सोमेश्वरला मिळतं तशा भाजलेल्या कणसावर चोळा, वर ते कागदी लिंबू. त्या वेळी मात्र चिमूटभर मीठ हवं, कारण बरणीत ते नाहीये.